ताशी पाच

मास्तरांनी उभ्या हयातीत गणित शिकवलं, आणि त्यातही वेगाचं रूपांतर हा त्यांचा हातखंडा. मैलांचे किलोमीटर, तासांचे सेकंद. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अख्खा मार्क गुल. या विद्येचा स्वतःला काडीचाही उपयोग झाला नाही, हे ते स्वतःच सांगत आणि वर स्वतःच हसत.

मग हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू ताशी पाच किलोमीटरपर्यंत चालायला लागा. मुलीने कुठूनशी जुनी ट्रेडमिल पाठवली. मास्तरांनी चष्मा पुसून कडेची पट्टी वाचली: वेग मैलांत. त्यांना कोण आनंद झाला! पाच भागिले एक पूर्णांक सहा, म्हणजे तीन पूर्णांक एक. तो आकडा लावून मास्तर चालू लागले.

खरं तर डॉक्टरांच्या आकड्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. पूर्वी संध्याकाळी दोघं बरोबर फिरायला जात, पण ऑपरेशनपासून बायको एकटीच जाऊ लागली होती, तीही तरातरा. तिच्या बरोबरीने पुन्हा चालायचं, एवढंच त्यांना हवं होतं. हे बोलून दाखवायची लाज वाटे, म्हणून ते तब्येतीच्या बढाया मारत.

"ताशी पाचने चालतो आणि चालता चालता पेपर वाचतो," ते शेजाऱ्याला सांगत. "धाप म्हणून लागत नाही."

एका संध्याकाळी त्यांनी बूट चढवले. "आज मी येतो."

"झेपेल?" बायकोने विचारलं.

"तूच मागे पडू नकोस म्हणजे झालं."

पहिल्या वळणापर्यंत मास्तर ऐटीत चालले. दुसऱ्या वळणाला जीव मेटाकुटीला आला. बायको केव्हाच पुढे गेली होती. काठी टेकत चाललेल्या एका आजोबांनी त्यांना मागे टाकलं आणि जाता जाता "चालू द्या, चालू द्या" असा धीरही दिला. मास्तर बाकावर बसले. आटोपलं, त्यांनी मनाशी म्हटलं, आता काही आपण हिच्याबरोबर चालत नाही.

बायको मागे वळून धावतच आली. "छातीत दुखतंय का?"

"नाही गं. पण ते मशीन खोटारडं आहे. मैलांचा हिशोब करून रोज तीन पूर्णांक एक लावतो मी."

बायकोचा चेहरा उतरला. "अहो, पण ते मैल मी मशीन आल्या दिवशीच काढून टाकले. मुलीला फोनवर विचारून पडद्यावर किलोमीटर करून घेतले. म्हटलं, तुम्ही पाच लावाल आणि पळत सुटाल."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तासभर शिकवत बसला असतात."

हे नाकारायची सोय नव्हती. म्हणजे एकाच आकड्याचं दोघांनी रूपांतर केलं होतं, आणि मास्तर इतके आठवडे ताशी जेमतेम तीन किलोमीटरने गोगलगायीशी शर्यत लावून पेपर वाचत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर बैलही तेच होते.

"पडद्यावर एकक लिहिलेलं असेल ना?" बायको म्हणाली.

"असेल कोपऱ्यात. मी पट्टी वाचली, पडदा कोण बघतो? काप माझा मार्क." मास्तर हसत सुटले आणि मग थांबले. "पण तू तरी एवढी पळतेस कशाला? पूर्वी तुला 'आटप' म्हणून मीच ओरडायचो."

तिने पदराने कपाळ टिपलं. "तुम्ही घरी एकटे असायचात. माघारी येईपर्यंत काय झालं असेल, या धास्तीने पाय उचलायची सवयच लागली. आता हळू चालायचं म्हटलं तरी जमत नाही."

मास्तरांनी आयुष्यभर वेग मोजला, पण माणूस घाई का करतं, हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"बस," ते सरकत म्हणाले. "आता तर मी इथेच आहे."

ती शेजारी टेकली. तिलाही धाप लागली होती.