बोटीच्या तळाचा रंग

मुंबईहून ट्रकवर बांधून आलेली ती बोट निजामोद्दीनच्या गॅरेजपुढे उतरवली, तेव्हा देगलूर नाक्यावरची अर्धी माणसं चहाचे ग्लास हातात घेऊनच बघायला आली. निजामोद्दीन गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. जीपा झाल्या, अँबॅसिडर झाल्या, एकदा वरातीचा रथसुद्धा रंगवून झाला होता. बोट पहिल्यांदाच.

बोट रेणुकादास सरांची होती. सर केमिस्ट्री शिकवायचे. भूकंपाच्या साली ते लातूरला होते, नंतर नांदेडला येऊन त्यांनी क्लास काढला. पाच वर्षांत उमरी, मुदखेड, चाकूरकडची तीनशे पोरं त्यांच्याकडे आली. ही पोरं सकाळी खोलीतून क्लासला जात आणि संध्याकाळी क्लासातून खोलीत. त्यांना रविवारी तरी धरणाच्या पाण्यावर फिरवावं, असं सरांनी मनावर घेतलं. परवानगीसाठी चार महिने चकरा मारल्या आणि मुंबईतल्या कुणा दलालाकडून बारा माणसांची जुनी फायबरची बोट आणली.

बोट टायरांवर पालथी घातली. तळाला लाल रंगाचा भाकरीएवढा जाड थर होता.

"यावरच नवा मारून देतो, सर. एकदम चकाचक," निजामोद्दीन म्हणाला.

"नाही, निजामभाई. हा समुद्रातला रंग आहे. तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून यात तांबं घालतात. विषच ते. आणि आपलं नांदेड त्याच धरणाचं पाणी पितं. सगळा काढा, खालचं पांढरं फायबर दिसेपर्यंत. पाणी मारून ओलाच खरवडा, धूळ नाकात जाऊ देऊ नका. निघालेला रंग पिंपात भरून ठेवा, त्याचं काय करायचं ते मी बघतो."

"आठ दिवसांत देतो. वीस वर्षं रंगच काढून राहिलो मी."

दोन दिवस त्यानं पाणी मारमारून खरवडलं. खांदे भरून आले आणि जागा निघाली पाटाएवढी. तिसऱ्या दिवशी सर लातूरला गेले होते. निजामोद्दीननं इकडंतिकडं पाहिलं आणि ब्लो लॅम्प पेटवला. पत्र्यावरचा रंग आचेनं कसा भराभर सुटतो, हे त्याच्या हाताला पाठ होतं. इथंही लाल रंग आधी फुगला. मग घशात बसणारा घाण वास आला, खालचं पांढरं तपकिरी झालं आणि पुरीएवढा फोड टरारून वर आला.

त्यानं लॅम्प विझवला. खोकत बसला.

"काय जळालं?" घरातून सालेहानं, त्याच्या बायकोनं, ओरडून विचारलं.

"काही न्हाई. रंगच."

गाडीचे खड्डे बुजवायची लांबी त्यानं त्या फोडावर दाबून भरली आणि घासून गुळगुळीत केली.

दुसऱ्या दिवशी सालेहा बाहेर येऊन त्याचं काम बघत उभी राहिली. "जीशानचे अब्बा, तुमच्या खरवडायच्या पत्तीचे कोपरे टोचतात. ओरखडे बघा किती!" ती आत गेली आणि स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं घेऊन आली. वापरून वापरून त्याचे कोपरे गोल झाले होते. तिनं पायरीच्या दगडावर धार लावली, पाणी मारलं आणि आडवा हात चालवला. लाल रंगाची लांब सळसळीत पट्टी निघाली.

"बघा!"

"नशीब तुझं," तो म्हणाला. पण दुपारी दुसरं उलथनं बाजारातून घेऊन आला.

मग नाकाला ओढणी बांधून ती एका बाजूनं आणि तो दुसऱ्या बाजूनं, असं काम सुरू झालं. लालखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा. कोण पुढं यावरून दोघांची रोज जुंपायची आणि हसायची पाळी शेजाऱ्यांवर यायची. आठ दिवस कधीच उलटून गेले होते.

अकराव्या दिवशी मागच्या बाजूला खरवडताना सालेहा थांबली. "इथं आवाज बोदा येतोय."

निजामोद्दीननं बोटांनी ठोकून पाहिलं. जरा खरवडलं. खाली पांढरं नव्हतं, राखाडी होतं. ही लांबीच, त्यानं ओळखली. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर भलामोठा तुकडा, मागची चिंधी, सगळं आत पडलं. भोकातून त्याचा हात मनगटापर्यंत गेला. कुणीतरी खडकावर फोडलेली बोट चिंधी आणि लांबीनं बुजवून, वर लाल रंग फासून विकली होती.

"कसला बेइमान माणूस! बारा पोरं बसली असती हिच्यात!" तो ओरडला.

आणि एकदम खाली बसला. त्याची स्वतःची लांबी तिथून दोन हातांवर होती.

सालेहानं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी न पिताच त्यानं तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सरांना तुम्ही सांगता, का मी सांगू?"

तो स्वतः गेला. क्लास सुटत होता. पोरांच्या लोंढ्यातून वाट काढत तो जिना चढला आणि फळा पुसत असलेल्या सरांना उभ्या उभ्या त्यानं दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी आपली, मग त्या परक्या माणसाची.

सर खडूचे हात झटकत राहिले. "तुमचा फोड तुम्ही सांगितला नसता तर मला कळलं असतं का?"

"न्हाई."

"मग बरं झालं आलात. आता हे नीट कोण करील?"

"मला पत्र्याचं येतं, सर. फायबरचं न्हाई."

सरांनी थोडा विचार केला. भूकंपानंतर ते बेघरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना शिकवायला जात. तिथल्या फायबरच्या टाक्या फुटल्या की एक बाई त्या सांधायच्या. गुरम्मा. आता त्या चाकूरला राहत होत्या.

तीन दिवसांनी गुरम्मा एसटीतून उतरली. पन्नाशीची, ठेंगणी, काखेत फायबरच्या मॅटची गुंडाळी. बोटीभोवती एक फेरी मारून तिनं विचारलं, "हिला भाजली कुणी?"

निजामोद्दीननं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"भाऊ, वांगं हाय का हे?" गुरम्मा इतकी हसली की सालेहालाही आवरेना. शेवटी तोही हसला.

मुक्काम त्यांच्याच घरी होता. जेवताना सालेहानं विचारलं, "अक्का, हे काम शिकलात कुठं?"

"भूकंपात घर गेलं, सासू गेली. शेडमधी टाकी फुटली की पाण्यावरून बाया भांडायच्या. टाकीवाला एकदा सांधायला आला तवा मी त्याच्यापुढून हाललेच न्हाई. म्हटलं, मला दाखव, मगच जा." तिनं आमटी वाढून घेतली. "लई रडले व्हते तवा. हाताला काम लागलं तवा कुठं झोप आली."

दुसऱ्या दिवशी तिनं भोकाच्या कडा चारी बाजूंनी उतरत्या घासून घेतल्या आणि रेझिनच्या चिकट द्रवात भिजवलेल्या मॅटचे थर एकावर एक बसवले. फोडाची जागाही कापून काढली. तिथं मात्र तिनं ब्रश निजामोद्दीनच्या हातात दिला. "हे तुमचं तुम्हीच करा." तो करत असताना ती शेजारी उकिडवी बसून "हवा ऱ्हायली, दाब, अजून दाब" करत होती.

तळाचा उरलेला रंगही निघाला आणि डिसेंबरातल्या एका रविवारी बोट पाण्यात उतरली. पहिल्या फेरीला निजामोद्दीन, सालेहा, गुरम्मा, सर आणि क्लासातली आठ पोरं, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं. किनारा सुटताच पोरांनी कल्ला केला. सर मात्र फळीला घट्ट धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, पोहता येतं ना?" सालेहानं विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "मी पाण्यावर आजच आलो."

सगळी बोट हसली. सरही हसले, पण फळी सोडली नाही.

गुरम्मानं वाकून तळावर हात फिरवला. कोरडा होता. निजामोद्दीन तिच्याकडं सरकला. "अक्का, हल्ली फायबरच्या कूलरांची, टाक्यांची कामं येऊन राहिली. मी परत पाठवतो. महिन्यातून आठ दिवस येता का? कामात बरोबरीनं."

"घरी ज्वारी हाय माझी. काढणी झाल्यावर बघू."

"बघू न्हाई, यायचं," सालेहा पुढून म्हणाली. "मागची खोली मी कालच झाडून ठेवली."

गुरम्मानं पदर खोचला आणि एका पोराच्या हातचं वल्हं मागून घेतलं. "इकडं दे जरा," ती म्हणाली, "मलाबी बघू दे."