जोखीम

विद्यापीठात अनिरुद्ध सरांना जोखीम या विषयावर बोलायला लावलं, की ऐकणाऱ्याची तासाभराची निश्चिंती. वित्तशास्त्राचे ते प्राध्यापक. माणसं जोखीम ओळखताना कुठं चुकतात, यावर त्यांनी तीस वर्षं घालवली, दोन जाडजूड पुस्तकं लिहिली, परदेशात जाऊन टाळ्या घेतल्या. दुसरा नाद शब्दकोड्यांचा. रविवारचं कोडं ते पेनानं सोडवत, खाडाखोड न करता. हा नाद आईचा, प्रेमलाबाईंचा. परंड्याच्या घरी पोळ्या लाटता लाटता ती आडवे-उभे शब्द विचारायची आणि पोरगं अडलं की लाटणं उगारायची.

चैत्रात तात्यांचा फोन आला. हे सरांचे वडील, निवृत्त शाळामास्तर. ब्याऐंशीव्या वर्षीही आवाज वर्गातलाच, पण त्या दिवशी अगदी हळू बोलत होते.

"अनिरुद्धा, घरात जोखीम आहे रे. एकदा येऊन जा."

सरांना हसू आलं. शब्द घरातला, जुना. एसटीनं लग्नाला निघताना आईच्या अंगावर दागिने असले, की तात्या लहानग्या अनिरुद्धच्या कानात सांगत, "जोखीम आहे बरं, लक्ष ठेव." म्हणजे आता म्हातारपणी पाटल्यांची काळजी लागली होती तर!

"बँकेत लॉकर घ्या, तात्या."

"लॉकरात ठेवण्यासारखं नाही रे ते."

बँकेवर यांचा विश्वास कधी नव्हताच, असं म्हणून सरांनी विषय सोडून दिला.

आषाढात पुन्हा फोन. सर बैठकीत होते. तात्या म्हणाले, "मोकळं बोलता येत नाही, जवळच माणूस आहे. पण लई अवघड झालंय. सारखी राखण करायलोय. डोळ्याला डोळा नाही."

बैठकीतले लोक ताटकळले होते. त्यांनी वर्गात सांगत तेच सांगितलं. "जोखमीला दोनच उपाय, तात्या. दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, नाही तर बंदोबस्तात ठेवायची. दुसऱ्याला द्यायचीय का?"

"छे छे! असं कसं बोलतोस?"

"मग कुलूप लावा. किल्ली जानव्याला बांधा आणि निवांत झोपा."

मग तात्या म्हणाले, "तू म्हणतोस तर तसंच करतो. तुझा विषयच आहे तो."

बैठकीतल्या लोकांना सरांनी हा किस्सा सांगितलासुद्धा. सगळे हसले.

दसऱ्याला सर कुर्डुवाडीला उतरून एसटीनं परंड्याला आले. तात्या ओसरीवर उघडेच बसले होते. जानव्याला किल्ली लटकत होती.

"आई कुठंय?"

"आहे की, बंदोबस्तात."

सरांना कळेना. तात्यांनी माजघराकडं बोट केलं. दाराला पितळी कुलूप होतं.

"दोनदा किल्ल्याकडं निघून गेली. एकदा खंदकाच्या कडेला सापडली. तिच्या देखत कसं सांगू रे फोनवर, हिचं डोकं फिरायलंय म्हणून? तेव्हा तिला सगळं कळायचं. म्हणून म्हटलं, जोखीम. माझ्याकडं दुसरी जोखीम कुठली?" तात्या किल्ली चाचपत म्हणाले, "दोन दिवस दार वाजवलं तिनं. मला उघडावंसं वाटत होतं. पण म्हटलं, पोरानं विचार करूनच सांगितलं असेल."

सरांनी त्यांच्या जानव्यातल्या किल्लीची गाठ धरली. ती सुटेना. पहिल्या फोनला आलो असतो तर आईला सगळं कळत असतानाच भेटलो असतो, एवढं एकच डोक्यात घुमत राहिलं. लाज वाटली, आणि आपल्या दोन्ही पुस्तकांची शिसारी आली.

तेवढ्यात माजघराच्या खिडकीत आई आली. केस नीट विंचरलेले, हातात पाटल्या. गज धरून तिनं बाहेरच्या माणसाकडं अदबीनं पाहिलं.

"कोण पाहिजे तुम्हाला? दार उघडता येत नाही हो. आमच्या मुलानं सांगितलंय तसं. लई शिकलेला आहे तो."

"आई..."

"तुम्ही पुण्याकडचे का? मग दिसेल तुम्हाला कुठंतरी," ती म्हणाली. "त्याला सांगा, आई शहाण्यासारखी बसलीय म्हणून."