काट्यांखालचा झिरा

तांब्या हंड्याच्या तळाला खणकन लागला, आणि जेवणारा मच्छिंद्र थांबला. सकाळपासून नवराबायको एकमेकांशी बोललेली नव्हती.

"संपलं?"

"झिऱ्यावरनं आनते. हाय तवर." मनकर्णेनं तळाचं पाणी त्याच्या फुलपात्रात ओतलं.

झिरा कोपरगावच्या कडेला, गोदावरीकाठच्या पाणथळीत होता. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी, लव्हाळं आणि बगळे. या दुष्काळात नदी आटली, विहिरींनी तळ दाखवला, तरी तिथं हातभर उकरलं की पाणी पाझरायचं. गल्लीतल्या बाया वाटीवाटीनं हंडा भरत. एकीचा भरला की दुसरीनं थांबायचं, पाणी सावकाश वर चढू द्यायचं. ओरबाडलं की झिरा रुसतो. आणि निघताना ढोरांनी तुडवू नये म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकायच्या.

त्या फांद्यांनीच घात केला. नगरपालिकेचा ओव्हरसियर भर चैत्रात मोजणीला आला, काटे बघून लांबूनच वळला आणि नकाशावर लिहून मोकळा झाला: पडीक, कोरडी. आता तिथं मुरूम टाकून चाळीस प्लॉट पडणार होते. त्यातला एक मच्छिंद्रला, नगरपालिकेचा कारकून म्हणून. लेकीला खांद्यावर घेऊन तो जागा दाखवूनही आला होता.

"अर्ज घेऊन येनारच का तू?" त्यानं ताटाकडं बघत विचारलं.

"हरकतीची आज शेवटची तारीख. येनार."

"नऊ वर्सं भाड्याच्या पत्र्याखाली काढली. सोताचा उंबरा पायजे, हे तूच म्हनायचीस ना?"

"अजून म्हनते. पर गल्लीचं पानी बुजवून उंबरा घालू? त्या दिवशी काटे मीच टाकले हुते. मी न्हाई बोलायचं, तर कुनी बोलायचं?"

मच्छिंद्र हात धुवायला उठला. हंड्याकडं बघून तसाच टॉवेलला हात पुसत बाहेर पडला.

दुपारी ती पाच वर्षांच्या रंगूचं बोट धरून कचेरीत शिरली. अर्जावर तिची सही, खाली अकरा जणींचे अंगठे.

ओव्हरसियर हसला. "वहिनी, आपल्याच पानात माती कालवताय की!"

"पान्यात माती तुमी कालवताय, सायेब. चला माझ्यासंगं. काटे मी उचलते, तुमी नुसतं वाकून बघा."

"पावसाळा होऊ द्या, बघू."

"पावसाळ्यात आंधळ्यालाबी दिसंल. तुमाला आत्ता दाखवायचंय."

कोपऱ्यातला टाइपरायटर थांबला. ओव्हरसियरचं हसू मावळलं. "मच्छिंद्र, ते राहू दे खणात. उद्या बघू."

उद्या म्हणजे मुदत संपलेली. मच्छिंद्रनं अर्ज पुढ्यात ओढला. सावकाश, शेवटच्या अंगठ्यापर्यंत वाचला. मग शिक्का पॅडवर दोनदा दाबून कागदावर उमटवला, आवक क्रमांक घातला, तारीख घातली, आणि पोच तिच्यापुढं सरकवली.

"जपून ठेवा, बाई," तो म्हणाला. मान वर केली नाही. "पुढचं कोन आहे?"

बाहेर ऊन रणरणत होतं. मनकर्णेनं पोच कनवटीला खोचली, पदर डोक्यावर ओढला आणि ताठ मानेनं पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर रंगू थबकली.

"आई, मग आता आपलं घर कुठं व्हनार?"