सहीच्या आधीचं वाक्य

“एक पोरगी नाही. दोन पोरी आणि पुढच्या वर्षीचा पहिला पिक,” वेंटवर्थव्हिलच्या टीमची कॅप्टन सुनेत्रा फोनवर म्हणाली. “चित्रलेखा देतेय मी तुला. स्टेट खेळलेली बाई आहे, कोथिंबिरीची जुडी नाही.”

“पिक नको ना मागू.”

“मग राहू दे. चल, दुपार मजेत घालव, एन्जॉय युअर आर्वो.”

“थांब गं,” विनीता म्हणाली.

जेवणाची सुट्टी संपायला सात मिनिटं होती. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका पॅथॉलॉजी सेंटरमध्ये विनीता लोकांचं रक्त काढायची. सोळा वर्षांपूर्वी स्टुडंट व्हिसावर आली, इथलीच झाली. वय बेचाळीस, उजवा गुडघा कामातून गेलेला, आणि अकरा वर्षं चालवलेली बायकांची बास्केटबॉल टीम एकदाही फायनलला पोचलेली नाही. हा तिचा शेवटचा सीझन होता. हे तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं, गुडघ्याला तेवढं माहीत होतं.

आपल्या लोकांची लीग. वॉलॉंगॉंगपासून सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलपर्यंत सहा टीम. दर फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीला नव्या मुली आल्या की त्यांची यादी व्हायची आणि टीमनी पाळीपाळीने नावं उचलायची. अमेरिकेतल्या मोठ्या लीगची नक्कल, गमतीने सुरू केलेली. शेवटच्या नंबरच्या टीमला पहिली निवड, म्हणजे पहिला पिक. विनीताच्या टीमला हरण्याचा एवढाच फायदा. आणि दोन हजार तेवीसच्या त्या वर्षी मुली इतक्या येत होत्या, एका खोलीत चार-चार गाद्या टाकून राहत होत्या, की पुढच्या फेब्रुवारीत एखादी तरी खरी खेळाडू येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“ती मुलगी अजून पुण्या-नाशकात लायब्ररीत बसली असेल,” सुनेत्रा हसली. “तिला पत्ता नाही आणि आपण तिला वाटून घेतोय. एजंट झालो गं आपण!”

विनीताही हसली. हसलं की मग नाही म्हणता येत नाही.

“डन,” ती म्हणाली. “मिताली, ऋतिका आणि पिक.”

मितालीचा प्रश्न नव्हता. ती तशीही सिडनीत राहायला जाणार होती, सुनेत्राच्या घरापासून दोन स्टेशनांवर. प्रश्न ऋतिकाचा होता.

ऋतिका सांगलीची. फेब्रुवारीत पहाटेच्या विमानाने दोन बॅगा घेऊन उतरली तेव्हा विनीता तिला घ्यायला गेली होती. पहिले नऊ दिवस ती विनीताकडेच राहिली. बुटकी, पण चेंडू हातात आला की समोरची बाई कुठे पाऊल टाकणार हे तिला त्या बाईच्या आधी कळायचं. सोमवार ते शनिवार क्लास आणि वृद्धाश्रमाच्या किचनमधली शिफ्ट. रविवार तेवढा तिचा. वेंटवर्थव्हिलला जायचं तर दोन गाड्या, जाऊन येऊन पाच तास. रविवार संपला.

लीगचा एक नियम होता: जिला द्यायचं तिची सही हवी. हा नियम विनीतानेच मीटिंगमध्ये मांडला होता. “पोरी म्हणजे गाई-म्हशी नाहीत,” असं म्हणाली होती, टाळ्याही पडल्या होत्या.

तर सही. ती अशी झाली:

ऋतिका डबा परत करायला सेंटरवर आली. विनीताने फॉर्म पुढे केला. ऋतिकाने विचारलं, विनीताने समजावून सांगितलं, ऋतिकाने सही केली.

नवऱ्याला, राजीवला, तिने हे असंच सांगितलं.

“हो म्हणाली?” राजीव कांदा चिरत होता.

“सही केलीय.”

“मी विचारलं, हो म्हणाली का?”

“अरे, सही म्हणजे होच ना!”

“आणि पुढच्या वर्षीचं पीकसुद्धा विकून टाकलंस. उभं पीक.” स्वतःच्या कोटीवर खूश होऊन तो पुन्हा कांद्याकडे वळला. विनीता डोळे पुसत बाहेर गेली. कांद्याचं एक बरं असतं.

सहीच्या आधीचं ते वाक्य, समजावून सांगितल्याचं, खोटं आहे. पुन्हा.

ऋतिका डबा परत करायला आली. डब्यात तिने स्वतः केलेल्या वड्या होत्या, जरा करपलेल्या. “ताई, हसू नकोस हां. ओव्हनने धोका दिला.” विनीताने फॉर्म पुढे केला.

“हे काय गं ताई?”

“लीगचं. नेहमीचं.”

“वाचू?”

“अगं, बाहेर पेशंट बसलेत माझे.”

ऋतिकाने भिंतीला कागद टेकवून सही केली. मराठीत, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. “ताई, तू दिलंस म्हणजे बघायचं काय त्यात,” म्हणाली आणि बसला पळाली.

आता झालं तसं सांगून झालं. त्यानंतर विनीताने एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, “शार्प स्क्रॅच नाऊ.” दिवसातून चाळीस माणसांना ती हे सांगायची. न सांगता सुई टोचायची नाही, हे कामावरच्या पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

गुरुवारी लीगच्या ग्रुपवर ट्रेडचा, म्हणजे या अदलाबदलीचा, मेसेज पडला. खाली भराभर बास्केटबॉल आणि आगीची चित्रं. ऋतिकाचा एक अंगठा. विनीताने तिला लिहिलं, खोडलं, लिहिलं, खोडलं. शेवटी पाठवलं: “बोलू नंतर 😊”. निळ्या खुणा झाल्या. ते ‘नंतर’ कधी आलंच नाही.

चित्रलेखा मात्र खरंच स्टार होती. सहा फूट, आयटीतली, मितभाषी. रिंगवरून उडालेल्या चेंडूसाठी, रिबाउंडला, ती वर गेली की बाकीच्या बायका बस चुकल्यासारख्या बघत राहायच्या. टीम सलग सात मॅच जिंकली. ऋतिका तिकडे बेंचवर बसते, असं कोणीतरी म्हणालं. विनीताने ऐकलं आणि बाटलीचं झाकण घट्ट केलं.

फायनल वेंटवर्थव्हिलजवळच्या एका हॉलमध्ये. समोर सुनेत्राचीच टीम.

वॉर्मअप चालू असताना लीगचे सेक्रेटरी मुरलीधर फाइल घेऊन आले. साठीचे गृहस्थ, शिट्टीसुद्धा हळू वाजवणारे.

“विनीता, जरा इकडे ये. सुनेत्राचं म्हणणं आहे की ऋतिकाला न सांगता सही घेतली. तसं असेल तर ट्रेड रद्द. चित्रलेखाला आज खेळता येणार नाही, आधीच्या मॅचही बाद.”

“हे आज सुचलं तुला?” विनीता सुनेत्राला म्हणाली.

“मितालीने आज सांगितलं. तोवर मला कुठे माहीत होतं. पोरगी कित्येक महिने तोंड मिटून बसलीय, मला वाटलं होमसिक आहे.”

“भांडू नका. तिलाच विचारू,” मुरलीधर म्हणाले आणि त्यांनी ऋतिकाला हाक मारली.

ती आली. दुसऱ्या टीमचा हिरवा टीशर्ट तिला ढगळ होत होता.

“बाळा, सही केलीस तेव्हा तुला माहीत होतं का, कशावर करतेस?”

विनीताने तोंड उघडलं. एकच वाक्य होतं: मी नाही सांगितलं. तीन शब्द. मागे चित्रलेखाचा चेंडू फळीवर आपटत होता, ठाप, ठाप, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच हॉलच्या भिंतीवर त्यांच्या टीमचं नाव फायनलच्या खाली लिहिलेलं होतं.

ऋतिकाने तिच्याकडे पाहिलं. वाट पाहिली. पुरेशी पाहिली.

“हो काका,” मग ती म्हणाली. “माहीत होतं. मॅडमनी सगळं समजावलं होतं.”

“नक्की?”

“हो. मॅडम, तुम्ही बसा ना, गुडघा दुखेल.”

तिने खुर्ची पुढे केली. तू नाही. तुम्ही. आवाजात राग असता तर विनीताला काही बोलता तरी आलं असतं. ती खुर्चीवर बसली.

विनीताच्या टीमने मॅच अकरा पॉइंटने जिंकली. शेवटची चार मिनिटं सुनेत्राने ऋतिकाला आत घेतलं. तिने चित्रलेखाच्या हातातून दोनदा चेंडू काढून नेला, बाकी कोणाला सीझनभर जमलं नव्हतं ते. फोटोत विनीता कडेला आहे, कप दुसऱ्या कोणाच्या हातात.

बाहेर पार्किंगमध्ये गाडीची मागची एक सीट मोकळी होती. सगळ्यांना वॉलॉंगॉंगलाच जायचं होतं. ऋतिका पाठीला सॅक लावून स्टेशनकडे निघालेली दिसली तेव्हा विनीता दार उघडून उतरली.

“ऋतिका, गाडीत जागा आहे. चल ना.”

“नको मॅडम, तुम्ही जा. माझं रिटर्न तिकीट काढलेलं आहे.”

इथे रिटर्न तिकीट नसतं. सगळे कार्ड टॅप करतात, जाताना एकदा, येताना एकदा. पहिल्याच दिवशी स्टेशनवर ते कार्ड ऋतिकाच्या हातात देऊन, कुठे टेकवायचं ते विनीतानेच दाखवलं होतं.

“बरं,” विनीता म्हणाली.

उघड्या दारामुळे गाडी टिंग टिंग करत राहिली. “विनीता, दार लाव गं,” आतून कोणीतरी ओरडलं.

कोपऱ्यावरच्या सिग्नलला लाल माणूस होता. रविवारची दुपार, दोन्ही बाजूंना दूरपर्यंत एकही गाडी नव्हती. तरी ऋतिका बटण दाबून, सॅकचे पट्टे दोन्ही हातांनी धरून, उभी राहिली. बराच वेळ लागला सिग्नलला. तेवढ्या वेळात हाक ऐकू गेली असती. मग हिरवा माणूस लागला, सिग्नलची टिकटिक एकदम जलद झाली आणि ती तिच्या नेहमीच्या चालीने, घाई न करता, रस्ता ओलांडून गेली.