मामाचा रोजचा रेझर

मामाला मी नापास केलं.

आमच्या कारखान्यात लिफ्टचे दरवाजे तयार होतात. मामा तिथल्या रंगखोलीत सव्वीस वर्षं फवारणी करतो, आणि मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन गेल्या वर्षी तिथेच सुरक्षा विभागात लागले. या महिन्यापासून नवा रंग आला, दोन डब्यांतला, ऐन वेळी मिसळायचा. चकाकी आरशासारखी येते, पण त्याचा फवारा श्वासात जात राहिला तर दमा लागू शकतो, आणि तो दमा मग सुटत नाही. म्हणून नियम निघाला: घट्ट बसणारा मास्क घालायचा आणि तो खरंच घट्ट बसतो का, याची चाचणी द्यायची. पास तो रंगखोलीत. दोनदा नापास तो पॅकिंगला, कायमचा.

चाचणी साधी आहे. मास्क घातलेल्या माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा आणि टोपाच्या भोकातून कडू पाण्याचा फवारा मारायचा. जिभेला कडू लागलं तर मास्क गळतोय. मात्र कडू लागलं की नाही, हे ज्याची चाचणी त्यानेच सांगायचं. ते मोजणारं यंत्र आमच्याकडे नाही.

खरं तर टोप चढवायच्या आधीच मी मामाला परत पाठवायला हवं होतं. त्याच्या जबड्याखाली दोन दिवसांचे खुंट होते आणि नियमाप्रमाणे दाढी त्याच दिवशीची लागते. मामा म्हणून मी काणाडोळा केला. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"कडू?" मी विचारलं.

"छे!"

पण त्याचा घसा दोनदा हलला. औषध पिताना हलतो तसा. मी फवारा थांबवला आणि कागदावर "गळती" लिहिलं.

त्या संध्याकाळी घरी आईने पाठ फिरवूनच सुरुवात केली. "परक्याने पाडलं असतं तर एक वेळ समजलं असतं. सख्खा मामा आहे तुझा."

"आई, त्याला कडू लागलं होतं."

"तो म्हणाला तसं?"

"नाही."

"मग?"

"त्याने गिळलं."

"घसा आहे. हलणारच. तुमच्या कॉलेजात हे शिकवलं नाही वाटतं?"

दुसरी चाचणी पुढच्या शुक्रवारी होती. शनिवारी सकाळी मी मामाकडे गेले. दार मामीने उघडलं. "या, परीक्षक बाई," ती म्हणाली, पण चहा ठेवला.

मामा न्हाणीघरात होता. त्याचा एकुलता एक रेझर कपाटावर पडला होता: पितळी, जाडजूड, पात्याखालची पट्टी फणीसारखी दातेरी. त्याने लग्नाच्या आधी घेतलेला.

"रोज का नाही करत दाढी?" मी विचारलं.

त्याने बनियन खाली ओढून मान दाखवली. त्याचे केस कुरळे आहेत. हा रेझर ते इतक्या खालून कापतो की उगवताना टोक बाहेर येण्याऐवजी कातडीतच वळतं आणि तिथे पुळी धरते. मी मोजल्या, अकरा होत्या. तिसऱ्या दिवशी दाढी केली की पुळ्या बसायला वेळ मिळतो. म्हणजे रोज केली तर मान सोलवटणार आणि नाही केली तर मास्क गळणार.

"तुला दुसरा रेझर हवा," मी म्हटलं. "रोजच्यासाठी, मऊ, कमी खोल कापणारा. हा रविवारी वापर."

"रेझरला काय रविवारची सुट्टी असते का गं?"

मी कारखान्यातून फट मोजायच्या, ठरावीक जाडीच्या धातूच्या पत्त्या आणल्या होत्या. पात्याची धार आणि खालची पट्टी यांच्या फटीत एकेक पत्ती घालून पाहिली. फट जितकी मोठी, तितकं पातं कातडीला जास्त भिडतं. याची भरली पॉइंट नऊ मिलिमीटर.

"झालं मोजपट्टीचं सुरू," मामा म्हणाला. लहानपणापासून तो मला मोजपट्टीच म्हणतो. चाचणीनंतर मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाला.

दाढीच्या सामानाचं दुकान एका अरुंद जिन्याखाली आहे. दुकानदार म्हातारा, हात मात्र एकदम स्थिर. त्याने काचेवर मखमल पसरून पाच रेझर मांडले. मी पाचही मोजले. ॲल्युमिनियमच्या एकाची फट पॉइंट पाच भरली, सगळ्यांत कमी.

"हा," मी म्हटलं.

दुकानदाराने मामाकडे पाहिलं. "आत्ता कोणता वापरता?"

"पितळी. हातात दगड धरल्यासारखा."

"मग एकदम पिसासारखा घेऊ नका. हाताला एका वजनाची सवय असते."

"फट महत्त्वाची आहे, काका," मी म्हटलं. मी ते फार ठामपणे म्हटलं, कारण मामा ऐकत होता. त्याने एकदा त्या पिसाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पैसे देऊन तो पिशवीत टाकला.

रविवार, सोमवार ठीक गेले. पुळ्या सहावर आल्या. मंगळवारी सकाळी साडेसहाला मामीचा फोन: "ये लगेच. तुझ्या मामाने स्वतःला कापलंय."

जबड्याच्या कोपऱ्याखाली, डाव्या बाजूला, नखाएवढा तिरपा काप. तुरटी लावली होती, तरी टॉवेलवर डाग होते. मी रक्ताकडे नाही, जागेकडे पाहिलं. मास्कच्या रबराची कड अगदी तिथून जाते.

"साफ होत नव्हती," मामा म्हणाला. "तिथेच चार वेळा फिरवला."

"दाबून?"

"मी कशाला दाबेन? दाढी करतोय की पोळ्या लाटतोय?"

तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्याच्या वैतागावरून कळलं. म्हणून मी मामीचा स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला, त्यावर दुमडलेला टॉवेल ठेवला आणि काटा शून्यावर आणला. पातं काढून मामाला आधी पितळी रेझर दिला. "गालावर ठेवतोस तसा ठेव. आणि ओढ."

काटा एकशे दहा ग्रॅमच्या आसपास डुलत राहिला. रेझरचं वजनच तेवढं होतं. मामाचा हात नुसता दिशा देत होता.

मग नवा दिला. रेझर चाळीस ग्रॅमचा. काटा दोनशे साठवर गेला.

मामा काट्यावर वाकला.

"मी दाबतोय?" मामा हळू म्हणाला. त्याने पुन्हा करून पाहिलं. दोनशे चाळीस. "अरेच्चा. मला जाणवतच नाही."

वजन नाही, म्हणून हात ते वजन भरून काढत होता. जे मोजायच्या पत्त्या माझ्या खिशात होत्या तेवढंच मी मोजलं होतं. दुकानदाराने सांगितलेली गोष्ट मोजायला तर स्वयंपाकघरातला काटा पुरला असता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"ते मला मेलीला कधीच कळलं होतं," मामी म्हणाली. "आता शुक्रवारचं बोला."

संध्याकाळी पुन्हा जिन्याखाली गेलो. दुकानदाराने मामाची जखम पाहिली आणि मखमल पुन्हा पसरली. मी पत्त्याही काढल्या आणि पिशवीतून वजनकाटाही. जड रेझर तीन होते, पण तिन्हींच्या फटी मोठ्या. मऊ दोन होते, दोन्ही हलके.

"जड आणि मऊ?" दुकानदार पुटपुटला. वरच्या फळीवरचा खोका काढायला त्याला स्टूल लागलं. त्यात स्टीलचा एक होता. फट पॉइंट पाच पाच, वजन एकशे चार. मूठ मात्र आखूड, करंगळी हवेतच राहत होती.

मामाने पातं नसलेला तो रेझर काट्यावरच्या टॉवेलवर ओढला. एकशे वीस. पुन्हा ओढला. एकशे पंधरा.

"हा," मामा म्हणाला. या वेळी मी फक्त पत्त्या खिशात टाकल्या.

पण दुधाने तोंड पोळलेलं होतं. बुधवार-गुरुवार जखमेवर खपली धरायला सोडले. म्हणजे शुक्रवारी पहाटे तीन दिवसांचे खुंट, एकदाही न वापरलेला रेझर आणि मध्ये खपली. जखम उघडली तर चाचणीच होणार नव्हती, आणि ती तारीख नापासातच धरली जाणार होती.

शुक्रवारी मी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी होते. मामी माझ्या शेजारी, तोंडाला पदर लावून. आत फेसाचा ब्रश वाडग्यात फिरला, थांबला. मग पात्याचा आवाज सुरू झाला. खुंट कापताना बारीक खरखर येते, साफ कातडीवरून ती जवळजवळ बंद होते. उजवी बाजू लवकर शांत झाली. डाव्या बाजूला दोन फटकारे झाले आणि मग काहीच नाही.

"अहो?" मामी म्हणाली.

"बोलू नका," आतून आवाज.

एक लहान खरखर. पाणी. पुन्हा एक, त्याहून लहान.

तो बाहेर आला. मी टॉर्च मारून पाहिलं. खपली जागेवर होती. तिच्या कडेला पाच-सहा केस राहिले होते, तिथे पातं न्यायची त्याची हिंमत झाली नव्हती. मलाही झाली नसती.

"चालेल?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही असं पहिल्यांदाच ऐकतोय," तो म्हणाला आणि शर्टाची बटणं लावायला लागला. वरचं बटण त्याला दोनदा सापडलं नाही.

नात्यामुळे ही चाचणी मी घेणार नाही, असं मी विभागप्रमुख मॅडमना आधीच सांगितलं होतं. त्या शांत बाई आहेत, पण कागदावर लिहिलेलं खोडत नाहीत. त्यांनी मामाला मास्क चढवायला लावला, पट्टे ओढून पाहिले, खपलीजवळ बोट फिरवलं. "निम्मी रबराखाली जातेय," त्या म्हणाल्या. "बघू या." मग टोप चढवला आणि मला बाहेर जायला सांगितलं.

मी काचेबाहेर उभी राहिले. आधी नुसता श्वास, मग खोल श्वास. मग मान वळवणं. गेल्या वेळी इथेच गळलं होतं. त्याने मान डावीकडे नेली तसं रबर खपलीवर ताणलं गेलं. मॅडमनी फवारा दाबला. त्यांचे ओठ हलले: कडू? मामाने मान हलवली, नाही.

मी त्याचा घसा बघत होते. हलला नाही. निदान मला दिसला नाही.

वर, खाली. मग बोलणं: शंभरपासून उलटे आकडे मोठ्याने म्हणायचे. माणूस बोलताना घसा हलतोच. माझ्याकडे असलेली एकमेव खूण तिथे बंद पडली. नव्वद, एकोणनव्वद. तो पास झाला तरी तो खरं सांगतोय का, हे मला कधीच कळणार नव्हतं. आणि खोटं सांगून तो रोज आठ तास त्या रंगात उभा राहणार होता. मॅडमना त्याची सवय काय माहीत? सांगायला हवं होतं का मी? सांगितलं असतं तर त्याला पुन्हा मीच पाडलं असतं.

वाकणं झालं. पुन्हा श्वास झाला. मॅडमनी शेवटचं विचारलं आणि मामाने शेवटचं नाही म्हटलं.

मग मॅडमनी त्याला मास्कची कड बोटाने गालापासून जराशी उचलायला सांगितली आणि फवारा एकदाच दाबला. जीभ शाबूत आहे का, हे बघायला हे करतात.

मामाचा चेहरा एकदम चुरगळला. डोळे मिटले, खांदे वर आले, आणि काचेपलीकडूनही मला ऐकू आलं: "थू! थू! काय जहर आहे हो!"

मी काचेला टेकले.

मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या. "पास. बसलाय व्यवस्थित."

"मॅडम," मी म्हटलं. आता तरी सांगायलाच हवं होतं. "गेल्या वेळी त्याला कडू लागलं होतं, तरी तो नाही म्हणाला होता. मी हे लिहिलं नव्हतं."

"सांगितलं त्यांनी मला."

"कोणी?"

"तुमच्या मामांनीच. सकाळी माझ्या टेबलाशी येऊन. म्हणाले, मी एकदा खोटं बोललोय, माझ्या घशाकडे लक्ष ठेवा, हलला तर मी काहीही म्हटलं तरी थांबवा." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "प्रत्येक आकड्यानंतर मी त्यांना क्षणभर थांबवत होते. काचेतून दिसलं नाही का?"

मला दिसलं नव्हतं.

मामा बाहेर आला तो नळाकडेच धावला. तीन वेळा चूळ भरली. मॅडम त्याच्या पाठीमागून म्हणाल्या, "आणि हो, दाढी रोज. पाळीच्या आधी दारात तपासणार."

"रोज म्हणजे रविवारीसुद्धा?"

"रविवारी कारखाना बंद असतो."

"तेच विचारत होतो," मामा म्हणाला आणि ओल्या हाताने मास्क उचलून रंगखोलीकडे निघाला. तिथे सात दरवाजे सकाळपासून त्याच्यासाठी थांबले होते.