पडदा ओढायचा मान

"तुला कंपनीच्या पाटीवरचा नुसता पडदा ओढायचाय, ताई. बोलायचं काही नाही," जोटाम म्हणाला.

एल्डाने रताळ्यांच्या पातेल्यावर झाकण आदळलं. आपली मुलं लहान असल्यापासून ती लाकूडतोड्यांच्या या छावणीत रांधत होती. टेकडीवरचं जंगल तोडायला कंपनीला होकार दिला तो तिच्या याच धाकट्या भावाने, कुळाचा प्रमुख म्हणून.

"मीच कशाला?"

"पाटीवरचा पक्षी आता उरला नाही, पण आपल्या आजीनं तो पाहिला होता. म्हणून तुझा मान."

"पाहिला नव्हता. खाल्ला होता."

दुपारी धक्क्यावर सगळं गाव जमलं. एल्डाने पडदा ओढला. पाटीवर निळ्या तुऱ्याचा पक्षी होता आणि खाली लिहिलं होतं, 'आम्ही जंगल जपतो'. मागे टेकडी सोलून काढल्यासारखी लाल दिसत होती. एल्डा जागची हललीच नाही.

"हा जमिनीवर राहायचा," ती आपल्या भाषेत म्हणाली. "झोपायला बुटक्या झुडपावर बसायचा. आजी लहानपणी त्याला हातानं उचलून आणायची. आम्ही खाल्ला. गोऱ्यांच्या मांजरांनी उरलेला खाल्ला. पण खाताना, जपतोय असं कुणी म्हटलं नाही. आता सांग जोटाम, ती झुडपं कुठंयत?"

माणसं पायांकडे बघू लागली. ही काय म्हणतेय, असं कंपनीच्या परदेशी मॅनेजरने जोटामकडे वाकून विचारलं.

"देवाचे आभार मानतेय," जोटाम म्हणाला.

मॅनेजरने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

जोटाम तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात आला. "वाचवलं तुला. नोकरी राहिली."

"नोकरी तुझ्याजवळ ठेव," एल्डा म्हणाली. "मी शिव्या दिल्या असत्या, तर त्याही तू आशीर्वाद म्हणून विकल्या असत्यास. एवढ्या वर्षांत एकदा तोंड उघडलं मी. ते तरी माझं राहू द्यायचंस."

बाहेर भुकेली माणसं रांगेत उभी राहिली होती.

एल्डाने सगळ्यांना वाढलं. शेवटी जोटामने ताट पुढे केलं, तेव्हा त्यालाही भरून वाढलं, त्याच्याकडे न बघता. मग घरून आणलेलं आपलं मोठं पातेलं तिने राखेने घासलं, धुतलं, डोक्यावर पालथं घातलं आणि उघड्या टेकडीवरून ती घराकडे निघाली.