दारातली नित्यकल्याणी

अखिला, माझी आठ वर्षांची भाची, सुई बघितली की हात मागे घ्यायची. म्हणून मी तिला सांगितलं, रक्ताच्या कॅन्सरवरचं हे इंजेक्शन आपल्या दारातल्या नित्यकल्याणीपासूनच, म्हणजे सदाफुलीपासूनच बनतं. खोटं नव्हतं ते. चौऱ्याण्णव साल होतं, तंजावूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली होती.

तिनं हात पुढे केला. पण शेजारी तिची आई, माझी धाकटी बहीण सरोजा, तीही ऐकत होती.

महिनाभरात अखिला उलट्यांनी आडवी झाली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, सरोजा रोज त्याच झाडाच्या पानांचा कषाय, म्हणजे काढा, तिला पाजत होती.

"अण्णा, तुम्हीच सांगितलंत ना," ती म्हणाली.

पोतंभर पानांतून चिमूटभर औषध निघतं, उरलेल्यात विषही असतं. दरवर्षी फळ्यावर लिहितो मी हे. घरात सांगायचं सुचलं नाही. चडफडत घरी आलो आणि दारातली सगळी झाडं मुळासकट उपटली.

पुढच्या खेपेला नर्स सुई घेऊन आली. अखिलानं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मामा, झाडं तर तुम्ही उपटलीत. मग यात काय आहे?"